मामाकडची मासळी

माझ्या नवऱ्याला मासे पकडायचा नाद लागला तेव्हा मला आधी आनंदच झाला होता. आमचं सासर अलिबागच्या पुढचं, समुद्राला लागून. मासळीशिवाय पान वाढलं जात नाही अशा घरातला मुलगा लीड्सला येऊन कौन्सिलच्या रस्ते विभागात चिकटला होता आणि सुपरमार्केटमधले गारठलेले, बेचव तुकडे खाऊन विटला होता. म्हटलं, बरं झालं, घरात ताजं काहीतरी येईल. सुरुवातीचे काही रविवार तो हात हलवत परत आला. मग एका रविवारी हसत हसत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आज चांगले पाच लागले." मी मोठं पातेलं काढायला धावले.

"अगं, सोडून दिले."

"सोडून दिले म्हणजे?"

"म्हणजे परत पाण्यात."

मी त्याला वेड्यात काढलं. तासभर डोंगर चढायचा, दिवसभर तळ्याकाठी कुडकुडत उभं राहायचं, मासा धरायचा, त्याचं तोंड बघायचं आणि त्याला सोडून घरी यायचं. याला आमच्याकडे रिकामटेकडेपणा म्हणतात, आणि मी तसं म्हटलंही. तो हसला. माझ्या बोलण्यावर हसायची त्याला सवयच होती, त्यामुळे भांडणात मजा म्हणून यायची नाही.

हा नाद लावला तो त्याच्या ऑफिसमधल्या एका गृहस्थांनी. वयानं पंधराएक वर्षांनी मोठे, पक्के यॉर्कशरचे, तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात की काय असे. त्यांनी याला गळ टाकायला शिकवलं म्हणून आम्ही घरात त्यांना मास्तर म्हणायचो. या मासेमारीत गळाला आमिष म्हणून किडा लावत नाहीत. पिसं, लोकर, चमकीचा दोरा असं काहीबाही आकड्याला गुंडाळून खोटी माशी बनवतात आणि ती लांब दोरीनं पाण्यावर अलगद टाकतात. आमच्या जेवणाच्या टेबलावर मोराच्या पिसाचे तुकडे पडलेले असायचे. सासूबाई ते गोळा करून त्याच्या डब्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, "बापानं जाळी विणली, आजोबानं जाळी विणली, हा माशा शिवतोय."

सासूबाई आमच्याकडेच राहायच्या. त्यांच्या मासेमारी क्लबच्या नियमात बसेल तेव्हा तो त्यांच्यासाठी एखादा ट्राउट, इथला गोड्या पाण्यातला मासा, घेऊन यायचा. त्या ट्राउटला त्या 'काकडी' म्हणायच्या. चव नाही, वास नाही, काटा तेवढा आहे. मग लसूण, हळद आणि कोकमाचं आगळ चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून ती काकडी तळायच्या, नावं ठेवत ठेवत खायच्या आणि ताटात फक्त मधला काटा उरायचा. तो समोर बसून बघत राहायचा. मला आता वाटतं, ती चढण तो त्या पंधरा मिनिटांसाठीही चढत असेल.

मे महिन्यात तो गेला. सकाळी डबा घेऊन बाहेर पडला आणि बसस्टॉपवरच कोसळला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. खाली त्याला आणलं तेव्हा मी वर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या लावत होते. याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही.

लिहायचंय ते सासूबाईंबद्दल. आमच्या सासरी एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की मासळी बंद. तेरावं झालं तरी ती आपली आपण सुरू करायची नाही. गेलेल्याच्या मामानं मासळी घेऊन दारात यायचं. ती घरात घ्यायची, शिजवायची, सगळ्यांनी जेवायचं, आणि मग दुखवटा संपला. आता याचा मामा, म्हणजे सासूबाईंचा एकुलता भाऊ, आदल्या वर्षीच गेला होता. त्याच्यामागे बायको नाही, मूल नाही. मासळी आणायची कुणी?

"कुणीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "मग नाही खायची."

आणि त्या बाईंनी खरंच सोडली. मासळीच सोडली असती तर माझी हरकत नव्हती, पण त्यांचं जेवण म्हणजेच मासळी. वरणभात पुढे ठेवला की चार घास चिवडायच्या आणि ताट सरकवायच्या. जुलैपर्यंत ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. सप्टेंबरात जिना चढताना मध्ये बसायला लागल्या. आमच्या जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या प्रोटीनच्या बाटल्या लिहून दिल्या, त्या त्यांनी मागच्या अंगणातल्या गुलाबाला घातल्या. गुलाब मात्र चांगला फुलला. जीपी मला बाजूला घेऊन म्हणाली, हिवाळा यांना झेपणार नाही. नवऱ्यापाठोपाठ त्याची आईही माझ्या डोळ्यांसमोर जाणार, आणि तीही हट्टापायी, या विचारानं मला रडू यायच्या आधी संताप यायचा.

मी ब्रॅडफर्डच्या दुकानातून गोठवलेली सुरमई आणली. "कुणी आणली?" त्यांनी विचारलं. "मी." "तू आणलेली चालत नाही." माझी मुलगी नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत होती, ती एका वीकेंडला आली आणि आजीशी वाद घालत बसली. "आजी, मामाच नाही तर तो रूल पण कॅन्सल ना? इट्स जस्ट लॉजिक."

"रूल नाही गं बाळा, रीत आहे," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

दिवाळी त्या वर्षी आम्हाला नव्हतीच. इथल्या मराठी मंडळातल्या बायका फराळाचे डबे ठेवून गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात मास्तर आले. अंत्ययात्रेनंतर प्रथमच. नवऱ्याची गळाची काठी त्यांच्याकडे दुरुस्तीला होती, ती परत द्यायला आले होते. दारातच उभे राहिले, टोपी हातात. मी त्यांना आत बसवलं आणि चहा देता देता, कुणाला तरी सांगायला हवं म्हणून, सगळं सांगून टाकलं. मामा, मासळी, गुलाब, सगळं. ते ऐकत राहिले. मला वाटलं यांना काही कळलेलं नाही.

मग म्हणाले, "तळ्यात मागच्या महिन्यात रेनबो ट्राउट सोडलेत. ते अजून धरता येतात. मी आणून दिला तर चालेल का त्यांना?"

मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना विचारलं. त्या कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर माझे कोण?"

"कोण म्हणजे? तुमच्या मुलाचा हात धरून शिकवलं त्यांनी."

त्यांनी कणकेला आणखी पाणी लावलं. नाही म्हणाल्या नाहीत, एवढं मी पकडलं.

मास्तरांचा उजवा खांदा आखडला होता. डोंगर चढतील, पण काठी फिरवता येणार नाही म्हणाले. तेव्हा काठी मी धरायची ठरली. मला अगदीच येत नव्हतं असं नाही. नवऱ्यानं एका उन्हाळ्यात मागच्या अंगणात मला शिकवलं होतं, आकड्याऐवजी दोरीला लाल लोकरीचा तुकडा बांधून. तो तुकडा दर वेळी शेजाऱ्याच्या कुंपणात अडकायचा आणि आम्ही हसून हसून गवतात बसायचो.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी आम्ही निघालो. मी नवऱ्याचं जॅकेट घातलं. ते मे महिन्यापासून हॉलमधल्या खुंटीला होतं आणि मी ते धुवायला टाकलं नव्हतं. कॉलरला अजून त्याचा वास होता, मानेचा, घामाचा, थोडा तंबाखूचा, जी त्यानं सोडली होती असं तो मला सांगायचा. दिवसातून एकदा तरी मी जाता-येता तिथे नाक लावायची. सासूबाईही लावायच्या, मी पाहिलं होतं, पण आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नव्हतो.

गाडी एका फाटकापाशी लावून आम्ही चढायला लागलो. बाजूचं नेचं गंजून तपकिरी पडलं होतं, दगडी कुंपणांवर शेवाळ, आणि मेंढ्या आमच्याकडे बघून कंटाळलेल्या. मास्तर पुढे, गुडघा धरत. वर माळावर वारा इतका होता की डोळ्यांतून पाणी यायला कारण लागत नव्हतं, ते एक बरं होतं. चढ संपला आणि एकदम खाली तळं दिसलं. मला वाटलं होतं काही भव्य असेल. हे आमच्या गावच्या देवळामागच्या तळ्याएवढं, काळं, काठाला लव्हाळी, एका टोकाला जुना दगडी बांध आणि एक लाकडी खोपटं. यासाठी माणूस वर्षानुवर्षं रविवारी घराबाहेर राहायचा? मी रागावले, आणि मग लक्षात आलं की मी रागावून त्याला शोधतेय, कारण तो समोर आला की नेहमी आधी रागवायचीच.

खोपट्यात क्लबच्या लोकांच्या चहाच्या कपांचे हूक होते. एका हुकावर आमच्या घरचा स्टीलचा पेला टांगलेला होता, काठाला भोक पाडून. तो हरवला म्हणून मी किती दिवस शोधला होता. मास्तर म्हणाले, "राहू द्यायचा का इथेच?" मी म्हटलं, राहू दे.

त्यांनी माझ्यासाठी दोरीला नवऱ्यानंच बांधलेली एक माशी लावली, मोरपिसाची. म्हणाले, या दिवसांत मासा खोल जातो, तेव्हा टाकायची, तळाशी जाऊ द्यायची आणि हळूहळू ओढायची. आणखी हळू. त्याहून हळू. पहिल्या कितीतरी वेळा दोरी माझ्याच टोपीवर आली. मास्तर हसले नाहीत, त्यामुळे मला फार एकटं वाटलं. बोटं बधिर झाली. डब्यातल्या पोळ्या गारठून कडक झाल्या होत्या, त्या आम्ही बांधाच्या आडोशाला बसून खाल्ल्या. मास्तर एवढंच म्हणाले, "तो मला लोणचं द्यायचा." मी लोणचं आणायला विसरले होते.

उजेड उतरायला लागला तेव्हा दोरी अडकली. मला वाटलं दगड. मग दगड चालायला लागला. मी किंचाळले असणार, कारण मास्तर लंगडत धावत आले आणि जाळी घेऊन पाण्यात उतरले. काठी वाकली होती आणि मी मोठमोठ्यानं मराठीत बडबडत होते, जाऊ नकोस, जाऊ नकोस. कुणाला म्हणत होते देव जाणे.

जाळीत मासा आला. चांगला हातभर. पिवळसर तपकिरी, अंगावर काळे ठिपके आणि त्यांत लाल. सुंदर होता. मी आधीच मनात लसूण ठेचायला घेतली होती. मास्तर मात्र बघतच राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा रेनबो नाही. ब्राउन ट्राउट आहे. यांचा सीझन सप्टेंबरातच संपतो. परत सोडावा लागेल."

"इथे कोण बघतंय?" मी म्हटलं.

ते माशाकडेच बघत होते.

"तुम्हाला कळतंय का, ती बाई मरतेय घरी! तुमच्या एका नियमासाठी?" माझा आवाज पलीकडच्या डोंगरावर जाऊन परत आला. "त्याची आई आहे ती!"

मास्तर गुडघाभर पाण्यात उभे होते, जाळी पाण्यातच धरून. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं करतो. पण आधी हात लावून बघा." आणि माझा हात धरून पाण्यात नेला आणि माशाच्या पोटाखाली ठेवला.

पोट टच्च होतं. गाबोळीनं, अंड्यांनी भरलेलं. मासळीच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर ते मला कुणी सांगायला नको होतं. गाबोळी सासूबाईंना जीव की प्राण. त्यासाठी त्या बाजारात कोळणींशी भांडायच्या. मी तो मासा घरी नेला असता तर दुप्पट मेजवानी होती. पण ते गार, जड पोट माझ्या तळहातावर होतं आणि हलत होतं, आणि मला ते करवेना. मी मान हलवली. मास्तरांनी आकडा काढला, मासोळीला पाण्यातच दोन्ही हातांत वाऱ्याकडे तोंड करून धरून ठेवलं, तिची ताकद परत येईपर्यंत. मग हात उघडले. ती क्षणभर तिथेच राहिली आणि गेली. मी काठावर बसून रडले. मे महिन्यापासून पहिल्यांदा, धड मोठ्यानं.

घरी पोचलो तेव्हा रिमझिम लागली होती. मास्तर काठी आत ठेवून निघणार होते. मी जॅकेट खुंटीला लावलं. सासूबाई सोफ्यात शाल गुंडाळून बसल्या होत्या.

"मिळाली?"

"मिळाली होती. सोडली."

"का?"

"गाबोळीची होती, आई."

त्यांनी शाल बाजूला केली. "कुणी सोडली?"

मी मास्तरांकडे बोट केलं. सासूबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. गार पाण्यानं लालबुंद झाले होते.

"नारळी पौर्णिमेच्या आधी माझ्या भावानं कधी होडी पाण्यात घातली नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचे चोरून जायचे. घरात चूल पेटायची नाही, पण हा नाही गेला." मग उठल्या. "त्यांना जाऊ देऊ नकोस."

त्या आपल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेला. गाठी सोडून झाकण काढलं आणि खोलीभर वास सुटला. सोडे. वाळवलेल्या, सोललेल्या कोळंब्या, गुलाबी.

"शेवटची गेले होते तेव्हा भावानं दिले होते."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे इतके महिने माहेरची मासळी या घरात होती? कपाटात, शालींच्या खाली?"

"होती. आली नव्हती," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबा मास्तरांच्या हातात दिला आणि त्यांना दाराकडे ढकलायला लागल्या. "गो. आउट. देन कम." मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बाहेर जा, बेल वाजवा, आणि हा डबा यांना द्या. भावानं द्यायचा असतो. ते एक शब्द न विचारता टोपी घालून पावसात गेले. सासूबाईंनी दार लावलं.

बेल वाजली.

सासूबाईंनी कडीला हात घातला आणि तसाच ठेवला. दाराच्या धुरकट काचेतून मास्तरांची आकृती दिसत होती, डबा छातीशी धरलेला. मी वाट पाहिली.

"आई, उघडा ना. भिजताहेत ते."

"उघडलं की संपलं गं," त्या म्हणाल्या. "मग तो गेला."

सहा महिने मी त्यांना हट्टी म्हणत होते. आणि आता त्यांच्या मागे उभी राहून मी मनात म्हणत होते, नका उघडू. नकाच उघडू.

मास्तरांनी दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही. ते तळ्याकाठी उभे राहतात तसे उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, बाहेरच्या दिव्यात पाऊस पडताना दिसत होता. मग सासूबाईंनी दार उघडलं, पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, "या."

त्या रात्री त्यांनी स्वतः सोड्यांची खिचडी केली. मला हात लावू दिला नाही. मास्तर टेबलाशी बसून घाम पुसत पुसत जेवले, तिखटानं नाक लाल झालं होतं. सासूबाईंनी पहिला घास घेतला, रडल्या, दुसरा घेतला, रडतच जेवल्या आणि परत वाढून घेतलं. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. मास्तर दर नोव्हेंबरात यायचे, आणि दर वेळी त्यांना आधी दाराबाहेर थांबावं लागायचं.

मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला खाली उतरले आणि सवयीनं जॅकेटच्या कॉलरला नाक लावलं. मग बाह्यांना लावलं, मग अस्तराला. सगळीकडे सोड्यांचा वास येत होता.